गेझाने केलेल्या चिठ्ठ्या

नाताळच्या भेटींवर बांधायच्या नावाच्या चिठ्ठ्या यंदा विकत आणायच्या नाहीत, घरीच करायच्या, असं गेझाने जाहीर केलं तेव्हा त्याची बायको पिरोश्का खसखशीच्या रोलचं पीठ मळत होती. तिने हात थांबवला नाही, फक्त भुवया उंचावल्या. गेझा हंगेरीतल्या सेगेद शहराच्या पाणीखात्यात हेडक्लार्क होता आणि आजवर त्याने हाताने केलेली एकमेव वस्तू म्हणजे अंगणातलं लाकडी घरटं. (ते पाहून पक्षी वाट बदलत.)

"हे कशासाठी आता?"

"एतेल्का येतेय ना! तिला कळू दे, आपण मनापासून बोलावलंय."

आता मात्र पिरोश्काचा हात थांबला. एतेल्का तिची थोरली बहीण. आई गेली त्या वर्षापासून दोघींचं बोलणं बंद होतं, ते आईच्या टेबलक्लॉथवरून. ही म्हणे तिने ढापला, ती म्हणे हिने. गेझासमोर हा विषय निघाला की तो शेगडीत लाकूड घालायला उठे, त्यामुळे 'कसलंसं कापड' यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं. यंदा एतेल्काचा मुलगा परदेशातच राहणार होता, ती एकटी पडणार होती. म्हणून पिरोश्कानेच मन मोठं करून फोन केला होता.

"एक कर," ती म्हणाली. "त्या टेबलक्लॉथचं नाव घरात निघू देऊ नकोस."

"मी काढीन?" गेझा दुखावला.

मग तो कामाला लागला. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकाची पानं डकवली. वाळलेल्या लाल मिरचीच्या सालीचे तारे केले, अक्रोडाच्या टरफलाला सोनेरी रंग फासला, खसखशीचं आभाळ केलं. डिंक मात्र कुणाचाच सगा नसतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी त्याच्या कोपरावर 'एतेल्काला, प्रेमपूर्वक' असं वाचलं आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले.

तरीही चिठ्ठ्यांना काहीतरी कमी पडत होतं. बर्फ! गेझा तळघरात उतरला. तिथे पालिंकाची, म्हणजे फळांच्या दारूची, मोठी बरणी उभी होती. सासूबाईंचं घर रिकामं करताना ती फुटू नये म्हणून त्यानेच एका जाळीदार फडक्यात गुंडाळून आणली होती. फडकं मळलेलं, पण गुलाबाच्या वेलीची नक्षी काय सुरेख! त्याने ते धुतलं, वाळवलं आणि कराकरा त्याचे हिमकण कापले. चिठ्ठ्या खरोखर देखण्या झाल्या. आयत्या वेळी चकित करायचं म्हणून त्याने त्या पिरोश्कालाही दाखवल्या नाहीत.

नाताळच्या संध्याकाळी एतेल्का आली. माशाचं सूप वाढलं गेलं.

"मीठ बरोबर आहे?" पिरोश्काने विचारलं.

"बरोबर आहे."

एवढ्यावर जेवण संपलं. गेझाने लगबगीने झाडाखालची भेट उचलून मेहुणीच्या हातात दिली.

"अगंबाई, ही चिठ्ठी घरी केलीत?" एतेल्काचा चेहरा खुलला. तिने चिठ्ठी दिव्यासमोर धरली आणि चेहरा तसाच मावळला. "पिरोश्का, ही गुलाबाची वेल बघ."

पिरोश्काने पाहिलं. "आईची."

"म्हणजे तुझ्याकडेच होता!"

"शप्पथ ताई, मला खरंच..."

दोघींच्या माना हळूहळू गेझाकडे वळल्या.

"कुठून आणलंस हे?"

"तळघरातून. बरणीला गुंडाळलेलं होतं."

"कुणी गुंडाळलं?"

गेझाने शेगडीकडे पाहिलं. तिच्यात लाकडं भरपूर होती.

"आईने डोळे फोडून विणला होता रे तो!" एतेल्का कडाडली.

"आणि मी ताईला चोर म्हणाले!"

"मी तर तुला शेजारणींसमोर म्हणाले गं! आणि हा? दारूच्या बरणीला झबलं घालून बसलाय!"

दोघी तरातरा तळघरात गेल्या आणि उरलेला टेबलक्लॉथ घेऊन आल्या. एकीने एक टोक धरलं, दुसरीने दुसरं. मधोमध भोकंच भोकं. एतेल्काने त्यातल्या एकाला डोळा लावला.

"पिरोश्का, बारीक झालीस गं."

पिरोश्काला आधी हुंदका आला, मग हसू. मग दोघी त्या जाळीसकट एकमेकींच्या गळ्यात पडल्या. चिठ्ठ्यांवरचे हिमकण सोडवून पुन्हा जागेवर शिवायचे, आणि ते होईपर्यंत एतेल्काने इथेच राहायचं, असं तिथल्या तिथे ठरलंसुद्धा.

गेझाने खाकरून घसा साफ केला. "म्हणजे पाहायला गेलं तर, माझ्यामुळेच तुम्ही दोघी..."

"गप्प बस!" दोघी म्हणाल्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच एका सुरात.

मग एतेल्काला आठवण झाली. तिने पिशवीतून एक लांबट डबी काढून त्याच्यापुढे केली. आत मखमलीवर मिशी कातरायची चकचकीत कात्री होती. गेझाने ती नीट पाहिलीही नव्हती, तोच एतेल्काने झाकण लावलं आणि पिरोश्काने डबी कपाटात ठेवून कुलूप घातलं.

हिमकण शिवून झाले, एतेल्का घरी परतली. हल्ली मिशी वाढली की गेझा कात्री मागतो. पिरोश्का म्हणते, ताईला विचारून सांगते. ती फोन लावते आणि दोघींच्या गप्पा अशा रंगतात, की गेझाची मिशी आता हनुवटीपर्यंत आली आहे.