छापील मुदत

तुम्हीच सांगा, माणसानं विश्वास कोणावर ठेवावा? बाटलीवरच्या बारीक अक्षरांवर, की समोर उभ्या असलेल्या ओळखीच्या दुकानदारावर? मी जन्मभर दुसऱ्या बाजूला उभा राहिलो. शाळा लवकर सुटली. पुढचं सगळं शिक्षण कुलपं, कड्या, खिळे विकता विकता गल्ल्यावर झालं. त्या शिक्षणाचा पहिला धडा असा, की छापलेला आकडा हा बोलणं सुरू करण्यासाठी असतो.

आमच्या परसात एक वेल माजली होती. रोपवाटिकेवाल्यानं कुंड्यांबरोबर वरकड म्हणून दिलेली काडी. (फुकट मिळालेली वस्तू मी नाकारत नाही. हा दुसरा धडा.) वर्षाच्या आत तिनं कुंपण गिळलं, पाण्याची टाकी गिळली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर येऊन बसली. कापली की दुप्पट जोमानं यायची. शेवटी बायको म्हणाली, "अहो, एक तर ती राहील नाहीतर आपण राहू."

मी तडक औषधवाल्याकडे गेलो. हा म्हणजे आमच्याच बाजारातला शेती-औषधांचा दुकानदार, माझा जुना स्नेही. त्यानं बाटली काढली आणि विचारलं, घरी जनावर आहे का. आहे, म्हटलं. आमचा कुत्रा. दिवसभर माझ्या दुकानात गादीवर झोपतो आणि गिऱ्हाईक आलं की एक डोळा उघडून बघतो, म्हणून त्याचं नाव मॅनेजर. मुलगी सासरी गेल्यापासून बायकोच्या हाकेला लगेच ओ देणारा घरात तो एकटाच.

"मग फवारल्यावर दोन दिवस त्याला तिकडे फिरकू द्यायचं नाही," औषधवाला म्हणाला.

दोन दिवस? आता सवय ती सवय. "काहीतरी कमी करा," मी म्हणालो.

त्यालाही सवय. "बरं, तुम्ही घरचे म्हणून दीड."

मी पायरी उतरायला लागलो. त्यानं मागून हाक मारली. "शेठ, एक दिवस. याच्या खाली खरंच परवडत नाही."

मी विजयी मुद्रेनं घरी आलो. बायकोनं बाटली उजेडात धरली आणि इथं तर दोन दिवस लिहिलंय असं म्हणाली. मी तिला समजावलं, की छापील आकडा नेहमीच चढा असतो. त्यावर ती काही बोलली नाही. (तिनं बोलायला हवं होतं, असं माझं आजही मत आहे. ते मी तिला सांगितलेलं नाही.)

फवारणी केली. मॅनेजरला न्हाणीघरात कोंडलं. त्यानं दाराचा रंग खरवडून काढला आणि शेजाऱ्यांना आमच्या घरात खून चालल्याची शंका येईल इतकं रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी मुदत भरताच मी दार उघडलं. तो सुटला तो थेट परसात, वेलीत जाऊन मनसोक्त लोळला आणि मग निवांतपणे पाय चाटत बसला.

सकाळी तो व्हरांड्यात आडवा होता. तोंडाला फेस, शेपूट निपचित. नाव घेतलं तरी कान हलेना. बायकोनं त्याला मांडीवर घेतलं, आणि रिक्षात दवाखाना येईपर्यंत त्याच्या तोंडाचा फेस पदरानं पुसत राहिली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं. औषध कोणतं, फवारलं कधी, कुत्र्याला किती वेळ लांब ठेवलं, सगळं विचारलं. एक दिवस, मी म्हणालो. दुकानदारानंच तसं सांगितलं.

"त्यानं दोन सांगितले होते," बायको म्हणाली. मी रिक्षावाल्याशी भाड्यावरून बोलत होतो, तेवढ्यात तिनं औषधवाल्याला फोन लावला होता. "यांनी घासाघीस करून एकावर आणलं."

डॉक्टरीणबाईंनी नळी कानातून काढली. "मग आता कुत्र्याच्या पोटाशीही बोलून बघा," त्या म्हणाल्या. "ते काही कमी करतंय का."

रात्रभर त्यांनी त्याला ठेवून घेतलं. आम्ही दोघं बाकावर बसून होतो. उजाडताना मॅनेजरनं डोकं उचललं, बायकोचा हात चाटला, आणि ती रडली. मीही रडलो, पण माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं: पुन्हा औषध नाही. माती भिजवायची, हातमोजे घालायचे, मुळासकट उपटायचं, तुकडा न् तुकडा पोत्यात बांधून टाकायचा, आणि जागा साफ होईपर्यंत कुत्रा साखळीला. हे सगळं कोण करणार, हे त्यांनी सांगितलं नाही. बायकोनंही सांगितलं नाही. नुसते हातमोजे माझ्या पुढ्यात ठेवले.

तेव्हापासून दुकान बंद केलं की मी परसात उकिडवा. मूळ हातात येतंय असं वाटावं आणि मधेच तुटावं. तुटलेल्या टोकातून चार दिवसांत नवा कोंभ. गुडघे गेले, कंबर गेली, नखांतली माती बघून गिऱ्हाइकं मला शेती घेतली का म्हणून विचारू लागली. मॅनेजर व्हरांड्यात साखळीला, बायको त्याच्या शेजारी चहा घेत. मी जरा पाठ टेकली की तो भुंकायचा.

पण परस स्वच्छ झालं. परवा मुलगी आली, बघून थक्क झाली, कोणी केलं म्हणून विचारलं. "या बिचाऱ्यामुळे झालं सगळं," बायको म्हणाली. मी लाजून मान खाली घातली. वर पाहिलं तर मुलगी कुत्र्याच्या गळ्यात पडली होती.

म्हणून एवढीच विनंती. ही हकीकत पुढं कुणाला सांगाल तेव्हा हिशेब प्रामाणिक ठेवा. कुत्रा आजारी पाडला, तो माझ्या नावे मांडा, खुशाल मांडा. पण वेल उपटली तीही माझ्याच नावे मांडा. आमच्या घरी ती रक्कम मॅनेजरच्या खात्यावर जमा झाली आहे, आणि तो काही ती परत करेल असं वाटत नाही.