जगदाळे मामांची रविवारची पाहणी

जगदाळे मामा कुणाच्याही घरी गेले, की माणसांकडे न बघता आधी छताच्या कोपऱ्याकडे बघतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बायकोला वाटलं, जाळी-जळमटं शोधतायत. ती ओशाळून झाडू आणायला गेली. मामा म्हणाले, "इथं हवेला वाटच नाय."

मामा मूळचे करमाडचे. गारखेड्यात आमच्या मागच्या गल्लीत राहतात. सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी खोलीत गेली. पुढे दुष्काळाची वर्षं आली, विजेचा भरवसा उरला नाही. गल्लीत टँकर आणि गच्च्यांवर सोलर बरोबरच आले. घरोघरी पाणी घालायच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या बसल्या आणि मामांना निवृत्तीनंतरचं काम मिळालं. कुणी दिलं नव्हतं, त्यांनीच घेतलं.

आम्ही शहाण्यांनी चार बॅटऱ्या जिन्याखालच्या कपाटात कोंबल्या होत्या आणि त्याच कपाटावर देव मांडले होते. पुढे तेवती समई. ते पाहून मामा मटकन खालीच बसले.

"चार्ज होताना हिच्यातून हायड्रोजन निघतो. लई हलका, वर जाऊन बसतो. अन् वर तुमची समई. देव हलवा नायतर बॅटरी हलवा, पण आज हलवा."

देव हलले. कपाटाला दोन भोकं पडली. खालच्यातून ताजी हवा आत, वरच्यातून पाइपानं गॅस थेट घराबाहेर.

त्या वर्षांत ढग फिरकतच नव्हते. बॅटरी बारालाच भरत यायची आणि भरत आली की गॅस जास्त सुटतो, म्हणून मामा दर रविवारी बाराला हजर. पाइपात कोळ्यानं घर केलं नाही ना बघायचे, डिस्टिल्ड वॉटर घालायचे. टँकरचं घातलं तर चालेल का, असं मी एकदा विचारलं, तर आठवडाभर बोलले नाहीत. "बॅटरीला बी कोंडून ठिवू नये," हे त्यांचं पालुपद. आमची मुलगी त्यांची हुबेहूब नक्कल करायची. मी मात्र वैतागायचो, कारण जेवण लांबायचं.

हळूहळू गल्लीतल्या सगळ्यांनी लिथियमच्या बॅटऱ्या घेतल्या. मागच्या महिन्यात आम्हीही. पाणी नको, गॅस नाही. मामांनी तिच्यावरचं अक्षर न् अक्षर वाचलं आणि म्हणाले, "बेस केलं. सुटलात."

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी मीच गेलो. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसले होते.

"कुठं निघालात?"

"कुठंच नाय."

"मग आमच्याकडे का नाही आलात?"

"कशापायी यावं? बॅटरीचं काम ऱ्हायलं नाय. नुसतंच कुणाच्या घरी जाऊन बसायचं, ते मला जमत नाय."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं ते बॅटरीसाठीच येतात असं मी समजत होतो.

"हिनं पिठलं टाकलंय," मी म्हणालो. "तुमच्यासाठी थांबलोय सगळे."

मामा उठले, चपला घातल्या. मग चष्मा राहिला म्हणून परत आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. मी दारात थांबलो.