नाड्याचा काच

आमच्या शेजारच्या गंगाकाकू परकराचा नाडा बांधताना एक पाय उंबऱ्याला लावतात. गाडीवर कडबा आवळावा तसा आवळतात. "जिचा नाडा ढिला, तिचा संसार ढिला," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. अख्ख्या तेलगावातल्या सुनांच्या कंबरा तपासायचा मक्ता त्यांना कुणी दिला, देव जाणे! मी नवी नवरी म्हणून पाया पडायला वाकले, तर आशीर्वाद राहिला बाजूला, बाईंनी माझ्या नाड्यात बोटं घातली. "दोन बोटं जातेत की गं! माहेरी काय शिकिवलं?"

त्यांच्या स्वतःच्या कमरेला काळा पट्टा पडलेला. खाजायचा, पापुद्रे निघायचे. काकूंना त्याचा कोण अभिमान! "तीस वर्साचा काच हाय. बाईचा दागिना हाय त्यो."

मागच्या साली एका बारशाला काकू एका कुशीवर टेकून बसलेल्या. उठल्या तर साडीला मागून रक्ताचा डाग. मी त्यांना आतल्या खोलीत ओढलं, कडी लावली आणि नाडा सोडला. पाठीमागं, पट्ट्यावरच, रुपयाएवढी जखम. कडा वर आलेल्या.

"किती दिवस झाले?"

"आठ म्हयनं. हळद लावली, चुना लावला, तंबाखूची राख लावली. मला काय धाड भरलीया? काचाला कुणी दवाखाना करतं व्हय?"

वा! एवढे उपचार, आणि वरून नाडा पुन्हा तिथंच, तितकाच घट्ट. 'काकू सुईला भेत्यात' असं गल्लीभर सांगीन म्हटलं, तेव्हा कुठं बीडला यायला तयार झाल्या.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "एकाच जागी वर्षानुवर्षं काचलं की कातडी खराब होते. न भरणारी जखम कधी कधी कॅन्सरकडे वळते. तुकडा तपासू." काकूंनी त्यांच्या पॅन्टकडं बघितलं. "तुमी नाडाच बांधत न्हाई. तुमाला काय कळनार?"

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण नुकता सुरू झालेला. कापून काढता येण्याजोगा.

"मावशी, आठ महिने घरात कुणीच बघितलं नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काकूंनी पदर कमरेवर ओढून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "पाठीमागचं आपलं आपल्याला दिसत न्हाई, बाई. दुसरं मानूस लागतं. घरात मी एकलीच, पोरगं पुन्याला. मी आपली हातानंच चाचपायची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका भिंतीपलीकडं राहून सहा वर्षं मी या बाईची नक्कल करून लोकांना हसवत होते.

ऑपरेशन झालं, सगळं निघालं. रोज संध्याकाळी मी पट्टी बदलायला जायचे. आता जखम भरून तीन महिने झाले, पट्टी कधीच सुटली. तरी दिवेलागणीला भिंतीपलीकडून हाक येतेच, "आगं ये की, जरा बघ बरं, कसं हाय त्ये."

मी जाते. नीट वाकून बघते.

"बरं हाय काकू," म्हणते, आणि चहाला बसते.