जात्याला हवे होते तीन

शालीकराम सरांनी लेकीला फोनवर शब्द दिला, "रश्मी, लाडू तुझ्या आईच्या जात्यावरच्या बेसनाचेच होतील. तू फक्त ये."

सुशिलाबाई गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी. आईशिवाय घरी येऊन काय करू, असं रश्मी गोंदियाहून म्हणत होती. लाडवांचं नाव काढल्यावर ती हो म्हणाली.

फोन ठेवल्यावर सरांना आठवलं की आपला उजवा खांदा आखडलेला आहे. त्यांनी जातं फिरवून पाहिलं. अर्ध्या फेरीतच डोळ्यांत पाणी आलं. गिरणीत जायचं तर शब्द मोडणार. सर कॉलेजात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांना एकच उपाय सुचला. जात्याला मोटर लावायची.

सौंदड स्टेशनजवळ कैलाशचं कूलर-पंप दुरुस्तीचं दुकान होतं. कैलाश सरांचाच विद्यार्थी. त्याने फोनवर विचारलं, "मोटर हाय जी, जुन्या वॉशिंग मशीनची. पट्टा लावून देतो. पण स्पीड किती ठेवू?"

सरांनी मनात हिशोब मांडला. सुशिला दोन सेकंदांत एक फेरी पुरी करायची. म्हणजे सेकंदाला अर्धी. कोन रेडियनमध्ये मोजला तर पूर्ण फेरीत सहाहून थोडे जास्त रेडियन असतात, अर्धीत तीन.

"तीन ठेव," सर म्हणाले.

तीन काय, हे कैलाशच्या ओठांवर आलं होतं. पण एकक न लिहिल्याबद्दल याच सरांनी दर पेपरात त्याचा अर्धा गुण कापलेला. आता आपणच एकक विचारलं तर वर्गातला सगळा उद्धार परत ऐकावा लागेल. त्याने स्वतःच ठरवलं. तीन म्हणजे सेकंदाला तीन फेऱ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात जातं मांडलं. कैलाशने पट्टा चढवला. सरांनी भाजलेली डाळ जात्याच्या तोंडात घातली आणि म्हणाले, "कर सुरू."

जातं आधी घुरघुरलं, मग गरगरलं. मग त्याचा खुंटा दिसेनासाच झाला. बेसन चारी बाजूंनी उडालं. सरांचा चष्मा पिवळा झाला, कैलाशच्या मिशा पिवळ्या झाल्या, कुंपणापलीकडे दोरीवर वाळत घातलेलं शेजारच्या गीताबाईंचं पांढरं लुगडंही पिवळं झालं.

"बंद कर!"

"केलं जी! बटन बंदच हाय!"

"मग फिरतंय कसं?"

"मी तुमालेच विचारून राहिलो!"

"जडत्व आघूर्ण आहे ते!" सर खोकत ओरडले.

"ते कुठून बंद होते, सर?"

जातं स्वतःच दमून थांबलं. गीताबाई लुगड्यासाठी भांडायला म्हणून धावत आल्या आणि सरांना पाहून कुंपणाला धरून हसतच सुटल्या. "अवो मास्तर, या वयात हळद लागली का जी?"

हे त्या नेमक्या रस्त्याकडे तोंड करून बोलल्या. रस्त्याने दूधवाला चालला होता. त्याने पानठेल्यावर सांगितलं, मास्तर हळदीत पिवळे झाले. पानठेल्यावरून ती बातमी स्टेशनच्या ऑटोवाल्याकडे गेली. तिथे नुकतीच गोंदियाची गाडी लागली होती.

इकडे सर चष्मा पुसत होते. "तीन सांगितले होते मी. तीन रेडियन दर सेकंदाला. तू तीन फेऱ्या दिल्यास. सहापट झालं!"

"तुमी रेडियन कुठी म्हटलं? नुसतं तीन म्हटलं."

"कोनीय वेग म्हटल्यावर रेडियन आलंच ना!"

"तुमीच शिकवलं, रेडियनले मिती नसते. म्या म्हटलं, नसते तं नसो." कैलाशने मिशा झटकल्या. "सर, एकक राहिलं. अर्धा गुण कापू का?"

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. रश्मी खाली उतरली. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"बाबा! आईला जाऊन वर्षही नाही झालं!"

"काय झालं?"

"ऑटोवाला मला म्हणते, ताई, मास्तरच्या हळदीले आल्या का?" तिने बापाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "अन् तुम्ही खरंच पिवळे!"

"अगं, बेसन आहे! चाटून पाहा!"

तिने बापाच्या बाहीवरून बोट फिरवलं, चाटलं, पट्टा बांधलेल्या जात्याकडे पाहिलं, आणि पायरीवर बसून इतकी हसली की गीताबाई परत कुंपणापाशी आल्या. या अंगणात असं हसणं पुष्कळ दिवसांनी झालं होतं.

"हे सगळं लाडवांसाठी?"

"मी शब्द दिला होता."

"बाबा, आईचे लाडू गिरणीच्या बेसनाचे असायचे. त्यात मूठभर रवा टाकायची. म्हणून रवाळ लागायचे."

सर जात्याकडे वळले. "मग जातं कशाला फिरवायची? मी रोज बघायचो. दोन सेकंदांत एक फेरी."

"तेच तर." रश्मीने डोळे पुसले. "तुम्ही बोलायला लागले की थांबत नव्हते. आईला एकदा कळलं, जातं सुरू झालं की तुम्ही चूप बसून फेऱ्या मोजता. मग ती मूठभर डाळ घेऊन बसायची."

"हे शक्य नाही," सर म्हणाले. "त्याला कारण आहे. कुठलीही वस्तू स्थिर आसाभोवती फिरत असेल, तर आधी तिचा कोनीय वेग पाहावा लागतो. आणि कोनीय वेग म्हणजे..."

रश्मीने हळूच पट्टा काढला, पदर खोचला आणि खुंटा धरला. जातं घरघरू लागलं.

सर बोलता बोलता थांबले. त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली.