नावाची ट्रायल

शिंप्याच्या घरची प्रार्थना पहाटेची, बायकोच्या माहेरची सांजवेळची. दोन्ही धर्म एका छपराखाली सुखाने नांदत होते, पण पोटातल्या जिवाच्या नावाचा विषय निघाला आणि सगळंच बिनसलं. सासूबाईंना त्यांच्या देवभोळ्या वडिलांचं नाव हवं होतं, शिंप्याच्या आईला तिच्या कडक सासऱ्यांचं. दुसऱ्या घरचं नाव ठेवलंत तर बाळंतपणाला फिरकणार नाही, असं दोघींनी बजावलं. बायको रडकुंडीला आली. तिला त्या वेळी दोघीही जवळ हव्या होत्या.

"मी साधा ब्लाउजही ट्रायलशिवाय देत नाही," शिंपी म्हणाला. "नावाचीही ट्रायल घेऊ."

"कुणावर? बाळ तर पोटात आहे!"

"माझ्यावर. ते माझ्याच मापावर जाणार ना?"

झालं! बायको त्याला आधी आपल्या आजोबांच्या नावाने हाका मारू लागली. ती हाक ऐकताच सासूबाईंचा बांध फुटला. "बाबा, लाड कायम दादाचेच केलेत तुम्ही!" त्या जावयावर बरसल्या. न केलेल्या लाडांबद्दल शिंप्याने निमूट माफी मागितली.

मग दुसरं नाव. आई खुर्चीतून ताडकन उठली, ती पुन्हा बसेचना. "मामंजी, पान वाढू का?" दाराआडून विचारू लागली. शिंप्यालाही चेव आला. तो खाकरून स्वयंपाकघरात शिरायचा आणि मीठ कमी आहे म्हणून गरजायचा.

शेवटी दोघी विहिणी मिळून बायकोकडे आल्या.

"ही नावं नकोत गं बाई! मी माझ्या बाबांचे लंगोट बदलू?"

"आणि मामंजी मांडीवर मुतले तर त्यांना दटावू कशी? तुला हवं ते नाव ठेव, आम्ही दोघी येतो. ही नावं तुझ्या नवऱ्यालाच शोभतात."

बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला.

कळा सुरू झाल्या तेव्हा दोघी खरंच दवाखान्यात हजर होत्या. नर्स बाहेर आली. "मुलगी झाली! वडिलांचं नाव सांगा."

तीन तोंडांतून तीन नावं बाहेर पडली.

नर्सने कपाळाला हात लावला. "हे बघा, आम्ही आत एका वेळी एकच बाप सोडतो."

"मग आधी मामंजी जातील," आई म्हणाली.

"वा गं वा! माझे बाबा वयाने मोठे!"

आत लेक टाहो फोडत होती, आणि शिंपी बाकावर बसून आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहत होता.