परतीचा डबा

जपानी शिष्टाचार आपल्याला कुणी शिकवायचं काम नाही, असं संहिताचं ठाम मत होतं. जपानी भाषा-साहित्यात एम.ए.चं दुसरं वर्ष, ‘जपानी कथांमधली देवाणघेवाण’ या विषयावर चाळीस पानं लिहून झालेली, आणि त्यावर हायाशी सेन्सेईंचा ‘उत्तम’ असा शेरा! सेन्सेई म्हणजे ओसाकाहून दोन वर्षांसाठी आलेल्या प्राध्यापिका, जूनमध्ये परत जाणार होत्या. त्यांचं एक शिफारसपत्र मिळालं की वर्षभर जपानला शिकायची शिष्यवृत्ती हाताशी आलीच म्हणायची. पत्र द्यायची मुदत होती सव्वा महिन्यानंतरच्या एका शुक्रवारी दुपारी चारची.

सगळं कसं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात सेन्सेईंना ताप आला.

शहरात मारतहळ्ळीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बाई एकटीच तापानं फणफणलीय, हे ऐकून संहिताच्या आईला, वसुमतीबाईंना, राहवेना. शहराबाहेर होसकोट्याला असलेल्या घरून त्यांनी मऊ भात, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं असा डबा लेकीच्या हाती धाडला. सेन्सेई चार दिवसांत टुणटुणीत झाल्या आणि डबा रेशमी रुमालात बांधून परत आला. आत तांदळाच्या कुरकुरीत चकत्या. कुणी काही दिलं की त्याची परतफेड करायची, ही तिकडची रीत.

“रुमाल त्यांचा आहे, परत द्यायला हवा,” वसुमतीबाई म्हणाल्या. “आणि नुसता रुमाल कसा द्यायचा?”

मग रुमालात डबा, डब्यात तळलेली खमंग कोडबळी. डबा वसुमतीबाईंचा, तो रिकामा कसा पाठवायचा, म्हणून सेन्सेईंकडून हिरवा चहा. इकडून बेसनाचे लाडू, तिकडून लाल चवळीच्या पुरणाचे गोळे. इकडून पुरणपोळ्या! एका खणाचा डबा तीन खणांचा झाला. होसकोट्याच्या बसचा कंडक्टर संहिताला रोज “आज काय मॅडम?” असं विचारू लागला.

महिनाभरात दोघी टेकीला आल्या.

“ती बाई थांबेना गं,” आई कंबर धरून म्हणाली. “मला आता स्वल्प विश्रांती हवी.”

“मी आता ओसाकाहून पार्सल मागवते,” सेन्सेई खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या. “तुझ्या आईंना माझं काही चुकल्यासारखं वाटतंय का?”

दोघींना सरळ सांगून टाकता आलं असतं. पण ज्या विषयावर चाळीस पानं लिहिली, तो आपल्याच घरात आवरत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तेही पत्र हातात पडायच्या आधी! त्यापेक्षा डबाच नाहीसा झाला तर? डबा नाही, तर भरायचं कशात? संहिता स्वतःच्या हुशारीवर खूश झाली.

मुदतीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी सेन्सेईंनी रुमालात बांधलेला डबा दोन्ही हातांनी पुढे केला. “घरी जाऊन उघड. आईंसमोर.” संहिता वाकली, निघाली, आणि थेट विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या महानंदाअक्कांच्या हाती तो न उघडताच सोपवला. “अक्का, हे तुम्हाला. ठेवून घ्या.” घरी येऊन तिनं डबा बसमध्ये हरवल्याचं सांगितलं. संहिताला वाईट वाटलं, पण झोप छान लागली.

शुक्रवारी बारा वाजता ती सेन्सेईंच्या खोलीत गेली. “सेन्सेई, ते शिफारसपत्र...”

“ते तर काल डब्यात दिलं,” सेन्सेई म्हणाल्या.

संहिताच्या तोंडचं पाणी पळालं. ती कॅन्टीनकडे धावली.

“डबा ना? तो सकाळीच परत पाठवला,” अक्का कांदा चिरत म्हणाल्या. “बुडाला तुझ्या आईचं नाव-गाव कोरलंय की! भांडं कसं ठेवून घेणार? माझी लेक पवित्रा होसकोट्याला कामाला जाते, तिच्याकडे दिला. गोड आम्ही खाल्लं. पाकीट होतं ते तसंच ठेवलं, आणि लिंबू पिळलेला भात, चित्रान्न भरलं. रिकामा कसा पाठवायचा?”

संहितानं आईला फोन लावला.

“हरवलेला डबा आलाय,” आई थंडपणे म्हणाली. “चित्रान्न बरं आहे. मीठ स्वल्प जास्त.”

“आई, त्यात पाकीट...”

“आहे. मीच घेऊन येते. तुझ्या हाती मी आता काही देणार नाही.”

पावणेचारला वसुमतीबाई विद्यापीठाच्या फाटकाशी बसमधून उतरल्या. संहितासोबत सेन्सेईही येऊन उभ्या होत्या. आईनं हात जोडले. सेन्सेई कमरेत वाकल्या. आपल्यापुढे एवढी शिकलेली बाई वाकतेय म्हटल्यावर आई आणखी वाकली. मग सेन्सेई त्याहून खाली! पाकीट आईच्या जोडलेल्या हातांत, घड्याळात चारला दहा कमी, आणि या दोघी काही थांबायला तयार नाहीत. शेवटी संहितानं सगळा शिष्टाचार गुंडाळून ते पाकीट ओढून घेतलं आणि कार्यालयाकडे धूम ठोकली. चारला दोन मिनिटं असताना पत्र पोचलं.

धापा टाकत ती परत आली आणि दोघींसमोर सगळं कबूल केलं, एकदा मराठीत, एकदा जपानीत. कुणी रागावलं नाही.

“पत्र तुझ्या कामासाठीच लिहिलं,” सेन्सेई म्हणाल्या. “पण ते आधी आईंच्या हातात पडावं असं वाटलं. त्या तापात इथे मला कुणीतरी आहे असं पहिल्यांदा वाटलं ते त्या भातामुळे.”

संहितानं ते मराठीत सांगितलं. आईचे डोळे भरून आले.

“त्यांना सांग, याची परतफेड माझ्याच्यानं डब्यात भरून व्हायची नाही,” आई म्हणाली. “म्हणून लेकच पाठवते. वर्षभर सांभाळा म्हणावं.”

“आई, निवड व्हायचीय अजून.” (झाली. पण ते पुढे.)

“तू सांग तर.”

संहितानं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच तिला रडू आलं. आईनं पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठे वाक्य पुरं झालं. सेन्सेई पुन्हा कमरेत वाकल्या. मग अगदी गंभीरपणे त्यांनी काहीतरी विचारलं. ते ऐकून संहिता रडता रडता हसायला लागली.

“काय म्हणतात गं?”

“विचारतायत, वर्षानं हिला परत पाठवताना सोबत काय घालू?”