आठ जपानी गाणी आणि आगमन झालेले मान्यवर

मान्यवरांची नावं घेताना दोन नावांच्या मध्ये जी शांतता पडते, ती भरून काढण्यासाठी गाण्याचा शोध लागला. आमच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात हे हळदीच्या मांडवातल्या लहान मुलांनाही ठाऊक असतं. गायक ऐन कडव्यात असतो, मांडवाच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबते, आणि तो सूर तिथंच ठेवून म्हणतो, "शेणव्याचे माजी उपसरपंच यांचं आगमन झालेलं आहे, त्यांचं हार्दिक स्वागत!" मग जमलंच तर तो सुराकडे परत येतो. (सूर कुठं जात नाही. उपसरपंच जेवून जातात.)

शेणव्याचा अमोल हळदीच्या ऑर्केस्ट्रात नऊ वर्षं गिटार वाजवतो. हे सगळं माहीत असूनही त्यानं जुन्या जपानी गाण्यांचा आल्बम काढायला घेतला, यावरून त्याच्या धाडसाची कल्पना यावी. आसनगावकडच्या एका कारखान्यातले जपानी साहेब निवृत्त होऊन मायदेशी जाताना त्याला कॅसेटची एक पिशवी आणि गाण्यांचे अर्थ लिहिलेली वही देऊन गेले होते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी तिकडं गाजलेली गाणी. त्यातली आठ अमोलनं गिटारवर बसवली आणि प्रत्येकासाठी वेगळा पाहुणा गायक ठरवला. गायकांपैकी कुणालाही जपानी येत नव्हतं. ऐकणाऱ्यांनाही येत नव्हतं, त्यामुळे तक्रारीला जागाच नव्हती.

रेकॉर्डिंग शहापुरात, पंढरीशेठच्या भाच्याच्या खोलीत. पंढरीशेठ म्हणजे आमचे भावी सदस्य (कशाचे, ते अजून ठरायचं आहे). पहिलं गाणं ऑर्केस्ट्रातला सुनिल गात होता. दुसऱ्या ओळीला काचेपलीकडे पंढरीशेठ दिसले आणि बारा वर्षांच्या सवयीनं सुनिलनं जपानी तिथंच सोडून त्यांचं हार्दिक स्वागत केलं.

"एवढं कापून टाकू," अमोल म्हणाला.

"काप ना," पंढरीशेठ म्हणाले. "माजं काय नाय. पन लोकं बोलतील, पंढरीशेठला कापला."

कापलं नाही. बातमी संध्याकाळपर्यंत पार तानसा गावापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी जिन्यात बावीस मान्यवर उभे होते. एकाचं नाव घ्यायचं आणि दुसऱ्याचं नाही, याला आमच्याकडे भांडण म्हणतात. ते टाळण्यासाठी नऊ जणांची 'जपानी गीत मान्यवर समन्वय समिती' स्थापन झाली. अध्यक्ष पंढरीशेठ, सचिव प्रस्तुत लेखक.

समितीनं फार शिस्तीनं काम केलं, हे मी सचिव म्हणून नव्हे तर नागरिक म्हणून सांगतो. आजी मान्यवरांना ध्रुवपद, माजींना कडवं, भावींना दोन्ही. गैरहजर मान्यवरांचं आगमन झालं असं समजण्यात यावं. मयतांना सुरुवातीचं संगीत. सात गाणी पूर्ण झाली तेव्हा एकूण अठ्ठावीस मिनिटांत नावं एकोणीस मिनिटं, स्वागत व आभार सहा, जपानी दोन आणि गिटार एक, असा समतोल साधला होता. मुखपृष्ठावर त्रेचाळीस फोटो बसले. अमोलचा बसला नाही, पण त्याच्या गिटारचा दांडा पंढरीशेठच्या खांद्यामागे स्पष्ट दिसतो.

आठवं गाणं हिराबाईचं. हिराबाई धवलेरी, म्हणजे लग्नात धवले गाणारी. डीजे आल्यापासून तिला कुणी बोलावत नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून अमोल ओळ म्हणायचा आणि ती मागून म्हणायची. तीन दिवसांत गाणं तिच्या तोंडात बसलं. मग तिनं अर्थ विचारला.

"बाई रोज दोघांचा भात रांधते," अमोल म्हणाला, "आनि जेवते एकली."

"मंग आपलंच गानं हाय रे," हिराबाई म्हणाली. (तिच्या घरी कोण असतं, याची समितीनं चौकशी केलेली नाही.)

गायला बसण्याआधी ती म्हणाली, "अमोल, माज्या गान्यात कोनाचं नाव नको घालू. सगला जलम दुसऱ्यांच्या नवरा-नवरीची नावं घालून गायली. आता आवाज चाललाय माजा. हे एक गानं मोकलं ऱ्हाऊ दे."

ती गायली. चार मिनिटं पाच सेकंद. खोलीत कुणी खोकलं नाही, पंढरीशेठचा फोनही वाजला नाही. मला जपानी कळत नाही, पण तो भात निवत चाललाय हे कळलं.

समितीनं त्याच बैठकीत एकमतानं ठराव केला, की या गाण्यात कोणाचंही आगमन जाहीर करू नये. अमोलचे डोळे भरून आले. आमचेही आले. एवढा मोठा त्याग करणारे नऊ सदस्य कोण, हे मात्र पुढच्या पिढ्यांना कळायला हवं होतं. म्हणून गाणं अखंड ठेवल्याबद्दल त्या नऊ जणांचे आभार गाण्याच्या सुरुवातीला घालण्यात आले. बाहेर राहिलेल्यांनी विचारलं, "आमी काय इरोध केलेला का?" त्यांनीही विरोध केला नव्हता, हे खरं होतं. विरोध न करणाऱ्यांची नावं पहिल्या दोन कडव्यांत मावली.

हे मुरबाडच्या तरुणांना समजलं आणि ते खवळले. त्यांनी 'हिराबाई गीत बचाव मंच' काढला, निवेदन दिलं, घोषणा दिल्या. समिती लोकशाही मानणारी असल्यामुळे निवेदन स्वीकारलं, आणि गाणं वाचवल्याबद्दल मंचाच्या सर्व सदस्यांची नावं तिसऱ्या कडव्यात, पदांसह घातली.

मग हिराबाईला बोलावून गाणं ऐकवलं. ती कानामागं हात धरून ऐकत बसली.

"बरी नावं हायत," ती म्हणाली. "माजा आवाज कवा येतो?"

 अमोलनं गिटार पिशवीत घातली, हिराबाईला हाताला धरून जिना उतरवला आणि निघून गेला. मला वाईट वाटलं. पंढरीशेठनाही वाटलं. तशी नोंद गाण्यातच घेतली आहे.

तरी अजून सगळं संपलेलं नाही. शेवटी भाताचं भांडं उतरवतानाची ओळ आहे, ती हिराबाईच्या आवाजात अकरा सेकंद जशीच्या तशी शिल्लक आहे. हे वाचून तुम्हालाही चीड आली असेल, निदान तेवढी ओळ तरी राहावी असं मनापासून वाटत असेल, तर आपलं पूर्ण नाव, गाव आणि पद समितीकडे त्वरित पाठवा. पद नसेल तर अकरा सेकंदांत चार जण बसतात.